सेवक परतल्यावर

(वर्धापनोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मठात उत्सव असला म्हणजे पंगतीत वाढावयास माणसे शोधत फिरावे लागत नाही. कोणी कमरेला उपरणे गुंडाळून भाताचे पातेले उचलतो, कोणी पाण्याचा तांब्या हाती घेतो, कोणी न सांगता उष्टी काढू लागतो. एरवी ज्याला घरात पाण्याचा पेला आयता हातात लागतो असा गृहस्थही त्या दिवशी चटणी-कोशिंबिरीची वाढणी करताना दिसतो. या कामाला कोणी समाजसेवा म्हणत नाही, आणि त्याबद्दल प्रशस्तिपत्र मागावे असेही कोणाच्या मनात येत नाही. उत्सव आपला, म्हणून काम आपले, इतका हा साधा हिशेब आहे.

राष्ट्रीय सेवेच्या आणि स्वयंसेवेच्या ज्या योजना गेल्या शंभर वर्षांत देशोदेशी निघाल्या, त्यांची सारी धडपड एका अर्थी एवढ्याचसाठी आहे. जे गाव आपले नाही, ज्या वस्तीशी आपले नाते नाही, तेथील काम आपले वाटावे, आणि तेथील लोकांनाही ते आपले वाटावे. यांपैकी पहिली गोष्ट कठीण असली तरी उमेदीच्या वयात साधते. दुसरी फार थोड्या ठिकाणी साधली आहे. सेवक येतात, खपतात, निरोपाचा समारंभ होतो, सेवक परततात. त्यानंतर त्या गावात काय उरते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. परस्परांच्या कामाला विनामूल्य धावून जाणे ही कल्पना शिकलेल्या लोकांनी खेड्यात नेली, असे शहरात पुष्कळदा समजले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांत इर्जिक नावाची चाल होती. एखाद्याचे बैल मेले, घरचा कर्ता आजारी पडला, नांगरट मागे राहिली, की शेजारपाजारचे शेतकरी आपापली औते घेऊन एका दिवसात त्याचे शेत नांगरून देत. मजुरीचा प्रश्न नसे. त्या दिवसाचे जेवण तेवढे त्याच्याकडे. सावड याहून थोडी निराळी. आज तुझ्या शेतात माझे बैल, उद्या माझ्या शेतात तुझे, असा तो उघड उघड फेडीचा व्यवहार. इंदूरच्या पश्चिमेस झाबुआकडील भिल्ल समाजात याच जातीच्या प्रथेला हलमा म्हणतात. अडलेल्या माणसाने हाक द्यावी आणि पाड्यातील लोकांनी हातातले काम टाकून यावे, अशी ती रीत. अलीकडच्या काळात झाबुआजवळच्या हातीपावा टेकडीवर पावसाचे पाणी मुरविण्यासाठी चर खणावयास हजारो भिल्ल स्त्रीपुरुष कुदळ-फावडी घेऊन एकत्र आले, ते या जुन्या हलम्याच्याच नावाने. तेथे नवी संस्था उभारावी लागली नाही. जुन्या हाकेला नवे काम दिले, एवढेच.

गोव्यातील खाजन जमिनींचे बांध हे याहूनही बोलके उदाहरण आहे. मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या मुखांकडील ही शेते भरतीच्या पातळीहून सखल. मातीचा बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवावयाचे आणि बांधात लाकडी दारांचे 'मानस' बसवावयाचे, अशी तेथील पूर्वापार रचना. ओहोटी लागली की आतले पाणी दार ढकलून बाहेर पडते. भरती आली की बाहेरच्या पाण्याचा रेटाच तेच दार मिटवून घेतो. पहारेकऱ्याची गरज नाही, यंत्राची नाही. परंतु बांधाला खेकड्याने भोक पाडले आणि ते वेळेवर बुजविले नाही, तर एका रात्रीत भगदाड पडते आणि शेतात मीठ शिरते. मग पुढचे काही हंगाम त्या शेतात भाताचे नाव घेणे नको. म्हणून बांध एकट्यादुकट्याचा ठेवून चालतच नसे. तो गावकारीने, ज्याला पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद हे नाव मिळाले त्या ग्रामसंस्थेने, सांभाळावयाचा.

या जुन्या घडीचे गोडवे गाताना मात्र एक गोष्ट झाकून ठेवू नये. गावकारीचा वाटा वंशपरंपरेने गावकाराला मिळे. चिखलात कमरेएवढे उतरून माती टाकणारे हात बहुधा दुसऱ्याचे असत, आणि त्यांचा वाट्यावर हक्क नसे. १९६४ साली गोव्यात कूळकायदा आला. त्यापुढच्या काळात कसणाऱ्याला जमिनीवर हक्क मिळाला आणि बांधांची देखभाल कुळांच्या संघांकडे गेली. हा न्याय होणे अवश्यच होते. परंतु न्याय झाला तरी बांध आपोआप दुरुस्त होत नाही. जुन्या संस्थेचा अधिकार गेला, नव्या संस्थेला जबाबदारीची सवय लागावयास वेळ लागला, आणि दरम्यान भरती काही थांबली नाही. कित्येक खाजने खाऱ्या पाण्याखाली गेली ती पुन्हा वर आली नाहीत. सामाजिक काम हे एकदा करून सोडावयाचे काम नसून दर पंधरवड्याच्या उधाणाला पुन्हा पुन्हा करावयाचे काम आहे, हे या बांधांकडे पाहिले की कोणत्याही प्रवचनाशिवाय कळते.

आता बाहेरून येणाऱ्या सेवकांकडे वळावयाचे. आपल्याकडे त्याचा आधुनिक आरंभ गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ च्या जूनमध्ये पुण्यास स्थापन केलेल्या भारत सेवक समाजापासून धरावयास हरकत नाही. शिकल्या-सवरल्या माणसाने अर्थार्जनाचा मार्ग सोडून, पोटापुरते घेऊन, देशाचे काम हेच आपले जीवितकार्य मानावे, ही त्यामागील कल्पना. संन्याशाचे व्रत गृहस्थाने लौकिक कामासाठी घ्यावे असा तो प्रकार होता. त्या समाजाचे ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून गिरणगावातील कामगारांसाठी रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालविली.

१९१५ साली हरिद्वारला कुंभमेळा भरला तेव्हा याच समाजाने हृदयनाथ कुंझरू यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांचे मोठे पथक पाठविले होते. त्यात वैद्यकीय बाजू डॉ. हरि श्रीकृष्ण देव यांच्याकडे होती. डॉक्टरांनी शौचासाठी खड्डे खणविले. पण त्यांची निगा राखण्याचे काम पगारी भंग्यांवाचून होणार कसे, ही अडचण होती. नुकतेच दक्षिण आफ्रिकेतून परतलेले गांधीजी आपल्या फिनिक्स आश्रमातील मंडळींसह तेथे आले होते. मैल्यावर माती ओढण्याचे काम आपली मंडळी करतील असे त्यांनी सांगितले, आणि डॉक्टरांनी ते आनंदाने मान्य केले. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत पुढे प्रांजळपणे नमूद केले आहे की, शब्द त्यांनी दिला खरा, पण प्रत्यक्ष काम मगनलाल गांधी आणि इतरांनी केले. त्यांचा स्वतःचा वेळ तंबूत बसून दर्शनार्थी लोकांशी बोलण्यात गेला. सेवाकार्यात कोणाचे नाव होते आणि फावडे कोणाच्या हाती असते, याविषयी इतकी रोखठोक कबुली क्वचितच आढळते.

हेच डॉ. देव दोन वर्षांनी चंपारण्यात दिसतात. चंपारण्य म्हटले की निळीच्या मळेवाल्यांविरुद्धचा लढा आठवतो, आणि ते योग्यच आहे. तीनकठिया पद्धत १९१८ च्या कायद्याने गेली. परंतु त्याच सुमारास तेथे दुसरा एक प्रयोग झाला, आणि त्या प्रयोगात मराठी माणसांचा वाटा मोठा होता, हे आज फारसे कोणाला ठाऊक नाही. चौकशीचे काम चालू असताना गांधीजींच्या ध्यानात आले की, जुलूम दूर झाला तरी अज्ञान आणि अस्वच्छता जागच्या जागी राहतील. तेव्हा खेड्यांतून शाळा काढाव्यात, औषधोपचार करावा आणि स्वच्छता शिकवावी असे ठरले. नोव्हेंबर १९१७ मध्ये बढरवा लखनसेन आणि भितिहरवा या गावी, आणि पुढे जानेवारी १९१८ मध्ये मधुबन येथे शाळा उघडल्या.

शिक्षक आणावयाचे कोठून? थोड्या पगारात किंवा विनावेतन शिकविणारे स्थानिक शिक्षक मिळणे कठीण होते. शिवाय गांधीजींना मुलांच्या हाती चारित्र्यहीन शिक्षक द्यावयाचा नव्हता. अक्षरओळख थोडी कमी असली तरी चालेल, आचरण पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यांनी स्वयंसेवकांसाठी हाक दिली. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आणि त्यांचे पती बबनराव आले. पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन आल्या. बेळगावहून सदाशिव लक्ष्मण सोमण हे तरुण वकील आले. गुजरातेतून महादेवभाई देसाई, नरहरी परीख आणि त्यांच्या पत्नी आल्या. कस्तुरबा तर होत्याच. अवंतिकाबाईंचा जन्म इंदूरचा, परिचर्येचे शिक्षण घेतलेले, शिष्टसमाजात वावर असलेला. त्या बढरव्यास राहावयास गेल्या. हिंदी शिकवावयाचे कसे, हा प्रश्न या दक्षिणी आणि गुजराती मंडळींपुढे होताच. त्यावर उत्तर असे मिळाले की, व्याकरण राहू द्या, मुलांना आधी नीट राहावयास शिकवा. आणि लिपीचा विचार केला तर तीन भाषांत फार अंतर नाही. मुंबई-पुण्याच्या घरांतून बाहेर पडलेल्या त्या काळातील स्त्रियांनी तिरहुतच्या खेड्यात, गवताच्या छपराखाली, न येणाऱ्या भाषेत संसार मांडावा, ही लहान गोष्ट नव्हे.

या योजनेतील एक कलम मात्र नीट लक्षात घेण्यासारखे आहे. शिक्षकांच्या राहण्या-जेवणाची सोय गावाने करावयाची, बाकीचा खर्च बाहेरून. गावकऱ्यांपाशी रोकड नव्हती, पण धान्य देणे त्यांना शक्य होते, आणि ते द्यावयास ते तयार होते. म्हणजे सेवक उपकारकर्ता म्हणून आला नाही. तो गावाचे अन्न खाऊन गावाचे काम करणारा झाला. आजच्या कित्येक योजनांत सेवकाचा शिधा, तंबू आणि पाण्याची बाटली हे सारे शहरातून जाते, आणि गावाने द्यावयाचे असे काही उरतच नाही. त्यात गावाचा भार हलका होतो हे खरे, पण पाहुण्याच्या कामाबद्दल बोलण्याचा यजमानाचा अधिकारही त्याबरोबर नाहीसा होतो.

डॉ. देवांची औषधपेटी तर विलक्षणच होती. एरंडेल, क्विनाइन आणि गंधकाचे मलम, एवढीच औषधे. जीभ मळकट असली किंवा पोट साफ नसले तर एरंडेल. ताप असला तर आधी एरंडेल व मग क्विनाइन. खरूज आणि गळवांना मलम. ज्याला याहून मोठा रोग असेल त्याला डॉक्टर स्वतः पाहत. याचा लाभ असा की, औषध देण्याचे काम वैद्यक न शिकलेल्या स्वयंसेवकालाही करता येऊ लागले. सेवेची साधने जितकी सोपी तितके ती हाताळणारे हात अधिक, हे मर्म डॉक्टरांनी ओळखले होते.

स्वच्छतेचे काम मात्र इतके सोपे गेले नाही. स्वयंसेवकांनी रस्ते झाडले, विहिरी उपसल्या, डबकी बुजविली. काही गावांनी त्यांना साथ दिली. काही गावांत लोकांनी हे काम आपल्याला आवडत नाही असे स्पष्टच सांगितले. भितिहरव्याजवळच्या एका खेड्यात बायकांची लुगडी फार मळकी दिसली म्हणून कस्तुरबांनी त्यांना कपडे का धूत नाही असे विचारले. त्यावर एका बाईने त्यांना आपल्या झोपडीत नेऊन दाखविले की, येथे पेटी नाही, फडताळ नाही, दुसरे लुगडे नाही, अंगावरचे एवढेच. ते धुवावयाचे तर नेसावयाचे काय? आत्मकथेतील हा प्रसंग बहुतेकांना दारिद्र्याचे चित्र म्हणून आठवतो. सेवकाच्या दृष्टीने त्यात आणखी एक धडा आहे. आपण जो दोष काढावयास आलो तो दोषच नव्हे, तो अभाव आहे, हे त्या बाईने घराचे दार उघडले म्हणून कळले. आणि तिने दार उघडले, कारण विचारणारी बाई व्यासपीठावरून नव्हे, तर तिच्या अंगणात उभी राहून विचारीत होती.

भितिहरव्याची शाळा म्हणजे बांबू आणि गवताची झोपडी. एके रात्री ती जळाली. आग आपोआप लागली की कोणी लावली, याविषयी संशय राहिला. पुन्हा गवताचीच झोपडी उभारण्यात अर्थ नव्हता. सोमणांनी पक्की इमारत बांधावयाचे ठरविले आणि स्वतः कामाला हात घातला. त्यांचा तो उत्साह पाहून इतर लोकही आले, आणि थोड्याच दिवसांत विटांचे घर उभे राहिले. बेळगावचा एक वकील, कायद्याची पुस्तके बाजूला ठेवून, हिमालयाच्या पायथ्याशी एका अनोळखी खेड्यात विटा वाहतो आहे, हे दृश्य या सीमाभागातील तरुणांच्या डोळ्यांपुढे राहावे असे आहे.

आणि तरीही हा प्रयोग टिकला नाही. स्वतः गांधीजींनीच तसे लिहून ठेवले आहे. स्वयंसेवक ठरावीक मुदतीसाठी आलेले. बाहेरून आणखी मिळेनात. आणि बिहारमधून कायम राहणारे विनावेतन कार्यकर्ते उभे राहिले नाहीत. गांधीजींना खेडा आणि अहमदाबाद येथील कामांनी ओढून नेले. काही महिन्यांत जे झाले त्याचा ठसा राहिला, पण कामाला कायमचा पाया मिळाला नाही. डॉ. देवांसारखा वैद्य, कस्तुरबांसारखी सेविका, सोमणांसारखा तरुण, आणि मागे गांधीजींसारखा प्रेरक. इतके सारे असूनही जे उरले नाही, ते केवळ अधिक उत्साहाने उरले असते असे म्हणता येणार नाही. जे कमी पडले ते बाहेरच्यांत नव्हे. गावातील माणूस त्या कामाचा वारस झाला नाही, हे ते उणे होते.

त्याच मुलुखाच्या शेजारी, मुजफ्फरपूर जिल्ह्यात, पुढे एक परदेशी पथक येऊन राहिले. पियेर सेरेसोल हा स्विस गृहस्थ. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, त्याने फ्रान्समध्ये व्हर्दनजवळ एस्न या उद्ध्वस्त गावी फावडी घेऊन काही तरुण नेले. त्यांत कालचे शत्रू मानले गेलेले जर्मनही होते. युद्धाच्या जखमा ओल्या असल्याने ते काम काही महिन्यांतच आवरावे लागले. पण त्यातून आंतरराष्ट्रीय सेवापथकाची कल्पना निघाली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारला भूकंपाने हादरविले, तेव्हा सेरेसोल भारतात आला आणि मोजक्या सोबत्यांसह पुराच्या पाण्याबाहेर उंचावर नवी गावे वसविण्याच्या कामात १९३७ पर्यंत राबला. फौजेची शिस्त ठेवावयाची पण हाती बंदूक नव्हे, फावडे द्यावयाचे, ही त्याची श्रद्धा. सक्ती आणि सेवा यांचा जो प्रश्न पुढे आपल्याकडे उभा राहिला, त्याचे बीज या श्रद्धेतच आहे. फौजेसारखी शिस्त हवी असेल तर फौजेसारखी भरतीही हवी काय?

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न आपल्या राज्यकर्त्यांपुढे खरोखरच आला. १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली गेली. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर अर्थमंत्री, आणि त्या वेळी विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या समितीने सुचविले की, माध्यमिक शिक्षण संपवून विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रीय सेवा सक्तीने करावी. सूचना धाडसी होती. पण लाखो मुलांना पोसावयाचे, राहवावयाचे आणि कामाला लावावयाचे तर खर्च आला आणि देखरेखीची माणसे आली. ती नव्या राष्ट्रापाशी नव्हती. पुढे खाजा गुलाम सैयिदैन यांनी निरनिराळ्या देशांतील पद्धती पाहून ऐच्छिक सेवेच्या बाजूने मत दिले. मध्यंतरी चीनच्या आक्रमणानंतर १९६३ साली राष्ट्रीय छात्रसेना विद्यार्थ्यांना सक्तीची झाली, आणि १९६८ साली ती सक्ती उठविण्यातही आली. पाच वर्षांत एवढे उमगले की, कवायतीला हजेरी लावता येते, पण आस्थेची हजेरी लावता येत नाही.

सक्तीच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे मात्र नव्हे. ऐच्छिक सेवेला बहुधा तोच मुलगा येतो ज्याच्या घरी त्याच्या कमाईवाचून अडत नाही. सक्ती झाली तर श्रीमंताच्या मुलाला आणि मजुराच्या मुलाला एकाच पंगतीत बसावे लागते. अमेरिकेने १९३३ ते १९४२ या मंदीच्या काळात बेकार तरुणांची जी वनसेना उभारली, तिने हा पेच निराळ्या रीतीने सोडविला. दरमहा तीस डॉलर मिळत, त्यांतले पंचवीस थेट घरी जात; नऊ वर्षांत सुमारे तीस लाख तरुणांनी तीनशे कोटींच्या आसपास झाडे लावली. पोटापुरते घेतल्याने सेवेचे मोल कमी होते, असे म्हणणाऱ्यांनी गोखल्यांचे सेवकही निर्वाहापुरते घेत असत हे ध्यानात ठेवावे. गरिबाला सेवेचा दरवाजा उघडा ठेवावयाचा तर त्याच्या चुलीचा विचार केलाच पाहिजे.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली ती या साऱ्या वादविवादाचे फलित म्हणून, आणि ऐच्छिक म्हणून. आरंभी ३७ विद्यापीठे आणि ४०,००० विद्यार्थी होते. आज ही संख्या चाळीस लाखांच्या आसपास गेली आहे. 'मी नव्हे, तू' हे तिचे बोधवाक्य, आणि कोणार्कच्या सूर्यरथाचे चाक हे चिन्ह. चाकाच्या आठ आऱ्या म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे, आणि दत्तक घेतलेल्या गावी सात दिवसांच्या शिबिरास जावयाचे, अशी तिची रचना आहे. दत्तक हा शब्द तेवढा खटकतो. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या आपला संसार रेटला त्याला अठरा वर्षांच्या मुलांनी दत्तक घ्यावे, यात नाते उलटे लागले आहे. वस्तुतः सात दिवस त्या मुलांना गावच दत्तक घेते.

या शिबिरांवर टीका पुष्कळ होते, आणि ती सारीच अन्यायाची नाही. पहिल्या दिवशी उद्‌घाटन, शेवटच्या दिवशी समारोप, मध्ये प्रभातफेरी आणि सायंकाळी करमणूक. शाळेच्या आवारातील गवत दरवर्षी तेच काढले जाते, भिंतींवर घोषवाक्ये तीच रंगविली जातात. काही विद्यापीठांत सवलतीचे गुण मिळतात, तेव्हा त्यासाठी येणारेही असतात. तरीही शहरी घरातील मुलीने जेव्हा पहिल्यांदा शोषखड्डा खणला, किंवा हंडा डोक्यावर घेऊन गावच्या बाईबरोबर ती विहिरीपर्यंत गेली, तेव्हा तिच्या शिक्षणात जी भर पडली ती कोणत्याही परीक्षेत मोजता येणार नाही. योजनेचा विद्यार्थ्याला लाभ आहे, याविषयी वाद नाही. गावाला लाभ किती, हाच वादाचा मुद्दा.

त्याची एक चांगली कसोटी आहे, आणि ती या शिबिरांतील नेहमीच्याच कामात आहे. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून ओढ्यावर जो वनराई बंधारा घालतात, तो पावसाळा सरता सरता घालावयाचा असतो. त्याने अडविलेले पाणी काही महिने पुरते. आसपासच्या विहिरींना आधार मिळतो. आणि पुढच्या पावसात तो वाहून जातो. वाहून जाणे हा त्याचा दोष नव्हे. तो तसाच करावयाचा असतो, म्हणून तर स्वस्त. तेव्हा पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांनी बंधारा घातला याला बातमीपलीकडे किंमत नाही. दुसऱ्या वर्षी, विद्यार्थी आलेले नसताना, तो घातला जातो की नाही? रिकामी पोती कोण गोळा करतो? ज्याच्या विहिरीला पाणी चढते तो फावडे घेऊन येतो, की वरच्या अंगाच्या कोरडवाहू शेतकऱ्यालाच बोलावतो? असे प्रश्न शिबिराच्या अहवालात क्वचित असतात. पण हे विचारणारा आणि दोन वर्षांनी त्याच गावी पुन्हा जाणारा एखादा कार्यक्रम अधिकारी असला, की त्या महाविद्यालयाचे काम निराळे दिसते. सेवेच्या योजना मुळात अशा चार-दोन चिकट माणसांवर चालतात. त्यांची बदली झाली की गावही बदलते.

हा वारसाचा प्रश्न सुटल्याचे एक उदाहरण मराठवाड्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. देशभरातून स्वयंसेवक धावून आले. महाविद्यालयांतील मुले आली, धर्मसंस्था आल्या, ढिगारे उपसले गेले, अन्नछत्रे चालली. पुढे ५२ गावे नव्या जागी संपूर्ण वसविण्यात आली. देणाऱ्यांच्या हेतूत खोट नव्हती. पण अनेक ठिकाणी रुंद रस्ते आणि सारख्या चौकटींची घरे अशी शहरी आखणी झाली, आणि वाड्या-गल्ल्यांत, अंगण-ओसरीत वाढलेल्या लोकांना ती परकी वाटत राहिली.

याच पुनर्वसनाचा दुसरा भाग मात्र निराळ्या तऱ्हेने झाला. जी घरे पडली नव्हती, पण खिळखिळी झाली होती, अशा हजाराहून अधिक गावांत घरमालकाने सरकारी साहाय्य घेऊन स्वतःच दुरुस्ती आणि मजबुती करावयाची होती. गवंडी त्याचा, देखरेख त्याची. परंतु साहाय्य कोणाला किती, भिंत कोणत्या उंचीवर बांधून घ्यावयाची, अभियंत्याकडे तक्रार कशी न्यावयाची, हे घरोघरी सांगणार कोण? त्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले, आणि स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना तयार केले. सेविका बाहेरून आणल्या नाहीत. ज्या बाईचे स्वतःचे घर हादरले होते, तीच शेजारणीकडे जाऊन दुरुस्तीची गोष्ट बोलू लागली. ग्रामसभेत पदर सावरून मागे बसणारी बाई कामाचा हिशेब विचारावयास उभी राहिली. यामुळे काही घरांत कुरकुर झाली असेल, काही पुढाऱ्यांना अडचण वाटली असेल. पण दुरुस्तीचे काम संपल्यावरही ही मंडळे मोडली नाहीत. बचत, पाणी, आरोग्य यांकडे ती वळली, कारण सेवक परत जाण्याचा प्रश्नच नव्हता. सेविकेचे घर त्याच गल्लीत होते.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. त्यानंतर गुजरातच्या पडलेल्या खेड्यांत जी मदतीची पथके गेली, त्यांत लातूर-उस्मानाबादकडील काही स्त्रियाही होत्या. भाषा निराळी, नेसण निराळी. घर पुन्हा उभे करताना बाईने काय पाहावयाचे, साहाय्याच्या यादीत नाव नसले तर कोठे जावयाचे, गवंड्याला काय विचारावयाचे, हे त्या तेथील स्त्रियांजवळ बसून सांगत होत्या.